नाथसागराकाठी शिकू या समुद्राचा धडा



आपल्या मुलांच्या भूगोलाच्या पुस्तकात खाडी, खारफुटी, भरती-ओहोटी, त्रिभुज प्रदेश हे शब्द येतात. मराठवाड्यातील मुले ते पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरून जातात. यात त्यांचा दोष नाही. समुद्र पाहिलेलाच नसेल तर त्याच्या काठावरचे जीवन डोळ्यांपुढे कसे उभे राहणार? तथापि, छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे ५० कि.मी. अंतरावर पैठणला एक असा जलाशय आहे, की जेथे या धड्याचा मोठा भाग प्रत्यक्ष दाखविता येतो. उरलेला भाग दोन बाटल्या, मूठभर मीठ आणि आपल्याच शेतातील माती यांच्या साहाय्याने घरी शिकविता येतो.

हा विषय केवळ शाळेचा नाही. गोदावरी त्र्यंबकेश्वरजवळ ब्रह्मगिरीवर उगम पावते आणि १,४६५ कि.मी. वाहून आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला मिळते. आपल्या शेतातून वाहून जाणारी माती, खत आणि औषध याच वाटेने जाते. म्हणून समुद्राकाठचा धडा शिकताना मुलगा आपल्या बांधावर काय घडते हेही शिकतो.

पाणथळ म्हणजे काय?

जी जमीन वर्षभर किंवा वर्षातील काही काळ उथळ पाण्याखाली असते किंवा पाण्याने पूर्ण भिजलेली राहते, तिला पाणथळ जागा म्हणतात. गावचा पाझर तलाव, धरणाचा उथळ काठ, नदीचे बेट, कोकणातील खाडी, खारफुटीचे जंगल हे सर्व पाणथळीचेच प्रकार आहेत. आपल्याकडे अशा जागेला पडीक म्हणण्याची सवय आहे. वास्तविक येथे गाळ खाली बसतो, पाणी गाळले जाते, पूर काही काळ थोपविला जातो आणि माशांची पिले वाढतात.

पाणथळ जागांच्या रक्षणासाठी इराणमधील रामसर या गावी २ फेब्रुवारी १९७१ रोजी आंतरराष्ट्रीय करार झाला. २ फेब्रुवारी हा दिवस जागतिक पाणथळ दिन म्हणून पाळला जातो. या कराराच्या यादीत महाराष्ट्रातून प्रथम २०२० साली नांदूर मधमेश्वर (ता. निफाड) ही गोदावरीवरील जागा आली. त्याच वर्षी लोणार सरोवर आणि २०२२ साली ठाणे खाडी यांचा समावेश झाला. म्हणजे एक जागा आपल्याच नदीवर, एक बुलढाणा जिल्ह्यात आणि एक समुद्राकाठी आहे.

नाथसागर : भिंती नसलेला वर्ग

जायकवाडी धरणाची कोनशिला १९६५ साली लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते बसली व १९७६ साली इंदिरा गांधी यांच्या हस्ते धरणाचे उद्घाटन झाले. सुमारे १० कि.मी. लांबीच्या या धरणामागे पसरलेला नाथसागर विस्ताराने मोठा पण काठाला फार उथळ आहे. हा उथळपणा बाष्पीभवनाच्या दृष्टीने तोट्याचा असला तरी पाणपक्ष्यांना तो मानवला. १९८६ साली सुमारे ३४१ चौ.कि.मी. क्षेत्र पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाले. हे क्षेत्र छत्रपती संभाजीनगर आणि अहिल्यानगर या दोन जिल्ह्यांत येते.

मुलांना काठावर उभे करून पाण्याकडून जमिनीकडे चार पट्टे ओळखावयास सांगावे.

१) खोल पाणी : येथे पाण्यात बुडी मारणारे पाणकावळे व मासेमारीच्या होड्या दिसतात.
२) उथळ पाणी : पाणवनस्पती, माशांची पिले, बदके आणि वारकरी पक्ष्यांचे थवे.
३) ओला चिखल : किडे, गोगलगायी, शिंपले आणि त्यांना वेचणारे लांब पायांचे पक्षी.
४) गाळपेर जमीन : पाणी हटल्यावर हिवाळ्यात ज्वारी, हरभरा, गहू घेतला जाणारा पट्टा.

समुद्राकाठी असेच पट्टे असतात. खोल समुद्र, उथळ समुद्र, ओहोटीला उघडा पडणारा चिखल, त्यामागे खारफुटी आणि बांध घालून शेतीखाली आणलेली खार जमीन. कोकणातील शेतकरी खार जमिनीत भात घेतो, आपण गाळपेरीत ज्वारी-हरभरा घेतो. पाण्याने सोडलेल्या गाळावर पीक घेण्याची विद्या दोन्हीकडे आहे.

फरक आहे तो वेळेचा. नाथसागराची भरती वर्षातून एकदा, पावसाळ्यात येते आणि ओहोटी उन्हाळ्यापर्यंत चालते. समुद्राला दिवसातून दोन वेळा भरती आणि दोन वेळा ओहोटी येते. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवशी पाणी ४ मीटरहून अधिक चढते. अमावस्या-पौर्णिमेला चंद्र व सूर्य यांची ओढ एका रेषेत येते, म्हणून उधाणाची भरती येते. अष्टमीच्या सुमारास ती कमी असते, तिला भांगाची भरती म्हणतात. कोकणातील कोळी बांधव तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ ढोबळमानाने काढतात. उदाहरणार्थ, अष्टमीला ८ ची पाऊणपट ६, म्हणून सकाळी व सायंकाळी सुमारे ६ वाजता पूर्ण भरती. घरातील पंचांग घेऊन मुलांकडून असा हिशेब करून घ्यावा. समुद्र न पाहताही त्याची वेळ सांगता येते, याचे मुलांना मोठे नवल वाटते.

चोचीवरून चिखलाची ओळख

नोव्हेंबर ते मार्च हा नाथसागरावर पक्षी पाहण्याचा उत्तम काळ आहे. नुसती नावे पाठ न करता प्रत्येक पक्ष्याची चोच आणि पाय पाहण्यास सांगावे. शेकाट्याचे पाय लांब व चोच सुईसारखी, म्हणून तो उथळ पाण्यात चालत किडे टिपतो. टिलवा लहानखुरा, म्हणून तो पाण्याच्या अगदी कडेला चिखल वेचतो. चित्रबलाक उघडी चोच पाण्यात फिरवून मासा लागताच मिटतो. रोहित पक्षी मान उलटी करून चोचीने पाणी गाळतो. त्याचा गुलाबी रंग शेवाळ व बारीक झिंग्यांसारख्या खाद्यातून येतो. खाद्य वेगळे, खोली वेगळी, म्हणून एकाच काठावर अनेकांचे पोट भरते. मिश्रपिकात तूर खोलवरचा ओलावा घेते आणि मूग वरच्या थरातला, तसाच हा प्रकार समजावा.

यातील टिलवे व रोहित समुद्राकाठच्या चिखलावरही चरतात. पट्टकादंब हंस मध्य आशिया व तिबेटकडून हिमालय ओलांडून येतो. या पाहुण्यांना धरणाचा काठ आणि खाडीचा काठ ही एकाच वाटेवरची मुक्कामाची ठिकाणे आहेत. एक मुक्काम नष्ट झाला तर पुढचा प्रवास खडतर होतो.

प्रयोग पहिला : नदी समुद्राला मिळते तेव्हा

लागणारे साहित्य : शेतातील काळी माती, पावसाचे साठविलेले पाणी, दोन पारदर्शक बाटल्या, मीठ.

एक लिटर पावसाच्या पाण्यात दोन चमचे चाळलेली माती टाकून खूप हलवावे. अर्धा तास स्थिर ठेवावे म्हणजे वाळू खाली बसेल. वरचे गढूळ पाणी दोन बाटल्यांत प्रत्येकी अर्धा लिटर घ्यावे. एका बाटलीत चहाचे तीन चमचे मीठ टाकावे. दोन्ही बाटल्या सारख्याच हलवून ठेवाव्यात. मीठ घातलेल्या बाटलीतील गाळ लवकर गोळा होऊन तळाशी बसतो, तर साध्या बाटलीतील पाणी बराच वेळ गढूळ राहते. विहिरीचे पाणी जड असल्यास त्यातील क्षारांमुळेही गाळ बसतो, म्हणून पावसाचेच पाणी वापरावे.

हीच क्रिया नदीच्या मुखाशी घडते. मातीचे बारीक कण गोड्या पाण्यात एकमेकांना दूर ढकलतात व तरंगत राहतात. खारे पाणी लागताच ते एकमेकांना चिकटून जड होतात व खाली बसतात. प्रवाहाचा वेग मंदावल्यामुळेही गाळ साचतो. आंध्रात धवळेश्वरमच्या खाली गोदावरी गौतमी आणि वसिष्ठा या मुख्य फाट्यांत विभागते व तेथे तिने असा मोठा त्रिभुज प्रदेश घडविला आहे. काकीनाड्याजवळ या गाळावर कोरिंगा हे खारफुटीचे जंगल उभे असून १९७८ पासून ते अभयारण्य आहे.

त्या गाळात आपली माती आहे. गोदावरीच्या मुखासमोर समुद्रतळातून काढलेल्या गाळाच्या नमुन्यांचा एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. गेल्या सुमारे ४ हजार वर्षांत हवामान कोरडे होत गेले व शेती वाढली, तसे दख्खनच्या काळ्या खडकातून आलेल्या मातीचे प्रमाण समुद्रतळावर वाढत गेले, असे त्यात आढळून आले.

प्रयोग दुसरा : खाऱ्या पाण्यात रोप

तीन ताटल्यांत ओले फडके ठेवून प्रत्येकी २० मुगाचे दाणे टाकावेत. पहिल्या ताटलीत साधे पाणी, दुसरीत लिटरला ५ ग्रॅम मीठ असलेले पाणी आणि तिसरीत लिटरला ३५ ग्रॅम मीठ असलेले पाणी घालावे. समुद्राचे पाणी साधारण तिसऱ्या ताटलीइतके खारे असते. पाच दिवसांनी किती दाणे उगवले हे मुलांनी मोजून वहीत लिहावे. दुसऱ्या ताटलीत उगवण रेंगाळते आणि तिसऱ्या ताटलीत दाणे उगवत नाहीत.

मग खारफुटी कशी जगते? तिवर हे झाड जादा मीठ पानांवाटे बाहेर टाकते. त्याच्या पानावर मिठाचे बारीक कण दिसतात. कांदळ मुळाशीच बरेचसे मीठ अडविते. त्याचे बी झाडावर असतानाच रुजते आणि लांब शेंगेसारखे रोप होऊन चिखलात पडते. कोवळ्या अंकुराला खाऱ्या चिखलात पहिले दिवस काढावे लागत नाहीत.

दुसरी अडचण हवेची. वाफसा म्हणजे काय हे शेतकऱ्याच्या मुलाला सांगावे लागत नाही. शेतात पाणी साचले की मुळांना हवा मिळत नाही आणि कपाशी पिवळी पडते. खारफुटीच्या जमिनीला तर वाफसा कधीच येत नाही. म्हणून तिवर व चिप्पी यांची श्वासमुळे चिखलातून वर, आकाशाकडे वाढतात आणि ओहोटीच्या वेळी हवा घेतात. यातील पांढरी चिप्पी हिला महाराष्ट्राने २०२० साली राज्य कांदळवन वृक्ष म्हणून मान्यता दिली.

शेताभोवती वारारोधक झाडे असतात, तशी किनाऱ्याला खारफुटी असते. १९९९ च्या ओडिशातील महाचक्रीवादळात ज्या गावांसमोर खारफुटीचा रुंद पट्टा शिल्लक होता, तेथे मृत्यू कमी झाल्याचे नंतरच्या अभ्यासात दिसून आले.

प्रयोग तिसरा : लिटरभर गढूळ पाण्याचा हिशेब

पहिल्या मोठ्या पावसात शेताच्या उताराकडील तोंडाशी मोठ्या माणसाने एक लिटर पाणी भरून घ्यावे. पातेले आधी रिकामे तोलून त्यात हे पाणी आटवावे व पुन्हा तोलावे. समजा, लिटरमागे ५ ग्रॅम माती निघाली. एका हेक्टरवरून २० मि.मी. पाणी वाहून गेले तर ते २ लाख लिटर होते. म्हणजे एकाच पावसात १ टन माती गेली. हीच गोष्ट दुसऱ्या रीतीने सांगता येते. हेक्टरवरून केवळ १ मि.मी. जाडीचा थर गेला तरी १२ ते १३ टन माती जाते, म्हणजे ट्रॅक्टरच्या सुमारे चार ट्रॉल्या. मुलाने हा हिशेब स्वतः केला की घरातील वडीलधाऱ्यांनाही तो विसरता येत नाही.

ही माती सर्वच समुद्रापर्यंत पोहोचत नाही. बरीचशी तलावात व धरणात अडकते आणि त्यांची साठवण कमी करते. दुसरीकडे गोदावरीच्या मुखाकडे जाणारा गाळ १९७० च्या दशकाच्या तुलनेत पुष्कळ घटला असून तेथील किनारा काही ठिकाणी खचत आहे. नदीने थोडा गाळ नेणे हा निसर्गक्रम आहे, त्यावरच त्रिभुज प्रदेश उभा आहे. पण शेतातून सुटलेली आपली सुपीक माती धरणात पडून राहिली तर ती ना आपल्या कामाची, ना किनाऱ्याच्या. म्हणूनच गाळ शेतात परत नेण्याची 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना २०१७ साली राज्यात सुरू झाली. परंतु गाळ वाहून आणण्यापेक्षा माती जागेवर धरून ठेवणे केव्हाही स्वस्त पडते.

खत आणि औषध कोठे जाते?

पिकाने न उचललेले नत्र पाण्याबरोबर वाहते. साचलेल्या पाण्यात नत्र व स्फुरद वाढले की शेवाळ व जलपर्णी माजते. शेवाळ मरून कुजताना पाण्यातील प्राणवायू संपतो. पहाटेच्या वेळी शेततळ्यातील मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करताना अनेकांनी पाहिले असेल, ते प्राणवायू कमी झाल्याचेच लक्षण होय. समुद्रातही असेच घडते. अमेरिकेतील मिसिसिपी नदी मक्याच्या पट्ट्यातील नत्र घेऊन मेक्सिकोच्या आखातात जाते. तेथे दर उन्हाळ्यात प्राणवायू नसलेला मोठा पट्टा तयार होतो. २०१७ साली तो सुमारे २२,७०० चौ.कि.मी. भरला. अशा पट्ट्यातून पोहून जाऊ शकणारे मासे निघून जातात, तळावर चिकटून राहणारे जीव मरतात.

कीटकनाशकांचेही तसेच. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील औषधे जनावरांना तुलनेने कमी पण मासे आणि झिंगे यांना अत्यंत विषारी असतात. ओढ्यात धुतलेला एक फवारणी पंप खालच्या डोहातील पिलांना पुरेसा ठरू शकतो.

समुद्र आपल्याला काय देतो?

हा व्यवहार एकतर्फी नाही. मराठवाड्याच्या पावसाला अरबी समुद्रावरून येणारे बाष्प लागते. तसेच ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बंगालच्या उपसागरात तयार होऊन पश्चिमेकडे सरकणारे कमी दाबाचे पट्टे आपल्याला चांगला पाऊस देऊन जातात. रब्बीची ओल बरीचशी या पावसावर अवलंबून असते. ज्या उपसागराला गोदावरी मिळते, तोच आपली रब्बी राखतो.

शेततळ्यात गोड्या पाण्यातील मोठा झिंगा वाढविणाऱ्यांना आणखी एक गोष्ट ठाऊक असेल. हा झिंगा गोड्या पाण्यात वाढतो, परंतु त्याच्या पिलांना पहिले काही आठवडे मचूळ पाणी लागते. म्हणूनच बीज केंद्रात त्यांना मीठ मिसळलेल्या पाण्यात वाढवितात. निसर्गात हे काम खाडी करते. हिलसा मासा उलट वाटेने, पुराच्या दिवसांत समुद्रातून गोदावरीच्या खालच्या भागात अंडी घालण्यास चढतो. आंध्रात त्याला पुलसा म्हणतात व मोठ्या किमतीला घेतात. नदी, खाडी आणि समुद्र ही अशी एकाच घराची तीन दालने आहेत.

धड्याबरोबर शेतावर करावयाची कामे

१) नांगरणी, पेरणी व आंतरमशागत उताराला आडवी करावी. शक्य तेथे सोयाबीनची पेरणी रुंद वरंबा सरी पद्धतीने करावी.
२) उताराच्या टोकाला खस (वाळा) किंवा गवताचा पट्टा ठेवावा. मुलांना या पट्ट्याच्या वरच्या व खालच्या बाजूचे पाणी बाटल्यांत भरून तुलना करावयास सांगावी.
३) माती परीक्षणानुसार खते द्यावीत. नत्र एकदम न देता विभागून द्यावे व जोराच्या पावसाचा अंदाज असताना देऊ नये.
४) कामगंध सापळे व निंबोळी अर्काचा वापर करावा. आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडल्यावरच रासायनिक फवारणी करावी.
५) पंप ओढ्यात, विहिरीवर किंवा तलावात धुऊ नये. रिकामे डबे तीन वेळा खंगाळून ते पाणी फवारणीच्या टाकीत ओतावे व डबे भोके पाडून निकामी करावेत.
६) गाळपेर करणाऱ्यांनी पाण्याच्या कडेला फवारणी टाळावी व काठालगतची गवताची पट्टी नांगरू नये.

शाळेसाठी वर्षाचे वेळापत्रक

जून-जुलै : गढूळ पाण्याचा हिशेब आणि मीठ-माती प्रयोग.
ऑगस्ट-सप्टेंबर : नकाशावर गोदावरीची वाट. पूर्णा, सिंदफणा, मांजरा कोठे मिळतात ते शोधणे.
ऑक्टोबर : मुगाचा उगवण प्रयोग.
डिसेंबर-जानेवारी : नाथसागराची सहल.
२ फेब्रुवारी : पाणथळ दिनी मुलांनी आपल्या वह्या ग्रामस्थांपुढे वाचून दाखविणे.
एप्रिल-मे : गावच्या तलावातील उघड्या पडलेल्या गाळाची पाहणी.

सहलीपूर्वी वन विभागाची परवानगी घ्यावी. सकाळी लवकर पोहोचावे, भडक कपडे टाळावेत, पक्ष्यांना उडवू नये. वरून वाळलेला दिसणारा गाळ आत दलदलीचा असतो, म्हणून मुलांना एकटे काठावर जाऊ देऊ नये. शाळेची सहल मुंबईकडे जाणार असेल तर ऐरोली येथील किनारी व सागरी जैवविविधता केंद्रास अवश्य भेट द्यावी. ठाणे खाडीतील खारफुटी आणि रोहित पक्षी तेथे पाहता येतात.

शाळा व्यवस्थापन समितीत आपल्यापैकी अनेकजण सदस्य असतात. पुढील बैठकीत हा विषय मांडावा आणि पहिल्या प्रयोगासाठी आपल्याच शेतातील मूठभर माती शाळेला द्यावी. ती माती बाटलीच्या तळाशी बसताना मुले पाहतील, तेव्हा गोदावरी समुद्राला काय नेऊन देते हे त्यांना पुस्तकाशिवाय कळेल आणि बांध का घालावयाचा हेही कळेल.